हंसभाषेत पास झालेली तुंगा

डोंगरापलीकडे एक जंगल होते. तिथले प्राणी आपापल्या भाषेत बोलत, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांना कळे. सरकारला हे बरे दिसेना.

पूर्वी तिथे हंसांचे राज्य होते. हंस उडून गेले, त्यांचा तोरा तेवढा तळ्याकाठी राहिला. शिक्षणमंत्री रानडुकराने फर्मान काढले, की विद्यापीठात शिकायचे असेल तर आधी हंसभाषेची परीक्षा पास व्हायला हवे.

तुंगा नावाच्या पारडीला वैद्य व्हायचे होते. तिच्या आईचे खूर सडत चालले होते, अख्खा कळप लंगडत होता. तिने मंत्र्यांना विचारले, खूर म्हशीचे, दुखणे म्हशीचे, मग मध्ये हंस कशाला? मंत्र्यांनी समजावले, की दुखणे स्थानिक असले तरी उपचार जागतिक दर्जाचे हवेत.

तुंगाने बगळ्याचा क्लास लावला. बगळा पांढरा होता. तेवढी पात्रता जंगलाला पुरेशी वाटली. बगळे सर सांगत, मान वर करा, डोळे अर्धे मिटा, शब्द नाकातून सोडा. मान लांब व्हावी म्हणून तुंगा झाडाच्या बेचक्यात शिंगे अडकवून लोंबकळे. सगळ्यात जास्त मार्क कासवाला पडत, पण तोंडी परीक्षेला त्याची मान नेमकी आत जाई.

तुंगा पास झाली, वैद्यकही शिकली. मात्र आईला तपासायला बसली की सवयीने तिची मान वर जाई, आणि खूर काही दिसत नसे.

तळ्याकाठच्या पदवीदानाला पाहुणा म्हणून खराखुरा हंस आला. महाराज सिंहांनी समई लावली, वळून सभेला पंजा दाखवला, आणि मागे त्यांच्या आयाळीने पेट घेतला.

हंस घाईघाईने काहीतरी बोलला. टाळ्या पडल्या. हंस किंचाळला. टाळ्या वाढल्या. मंत्री पुटपुटले, उच्चार काय सुरेख आहेत. बगळे सरांनी अनुवाद केला, "पाहुणे म्हणतात, महाराज आज फारच तेजस्वी दिसत आहेत."

तुंगालाही हंसाचे एक अक्षर कळले नव्हते, पण धूर दिसला. हंसभाषेत आगीला काय म्हणतात, ते तिला आठवेना. तो धडा परीक्षेला नव्हता.

"महाराज, तुमची आयाळ पेटलीय!" ती म्हशीच्या भाषेत हंबरली.

सभा शरमली. शिपायांनी तिला बोट ओठांवर ठेवून दाखवले. तेव्हा तुंगाने कितीतरी वर्षांनी मान खाली घातली, धावत सुटली आणि महाराजांना थेट तळ्यात ढकलले. चर्र झाले. महाराज वर आले ते अर्धे टकले. सगळ्या सभेत हंस तेवढा हसला, आणि ते हसू मात्र सर्वांना कळले.

पदवी तिथेच टाकून तुंगा घरी गेली. मान खालीच होती, त्यामुळे आईच्या खुरातली जखम तिला स्वच्छ दिसली. ती धुऊन तिने पाला वाटून बांधला.

आई म्हणाली, "आत्ता आलीस गं घरी."

घडल्या प्रकाराची चौकशी झाली. यापुढे आगीची सूचना मातृभाषेतही देता येईल, सोबत हंसभाषेतला प्रमाणित अनुवाद जोडावा, असे ठरले. मग उरलेल्या आयाळीवरून पंजा फिरवत महाराजांनी 'आपली बोली, आपला श्वास' ही मोहीम सुरू केली. भाषण ऐकून प्राण्यांना हुंदके आवरेनात. युवराज तेवढे हजर नव्हते. ते हंसांच्या देशात शिकायला गेले होते.