बोराटीची उंची

त्या वाळूच्या राज्यात जमीन एका जागी राहत नसे. वारा नेईल तिकडे ती जाई. तरीही तिथल्या झुडपांना उंचीचा भारी सोस. वर्षातून एकदा, वारा पडला की मोजणी होई. मापाचं काम एका म्हाताऱ्या रुईकडे होतं. खालच्या सपाटीपासून शेंड्यापर्यंत मोजायचं, म्हणजे झुडपाखालचं वाळूचं टेकाडही त्याच्याच उंचीत धरायचं, असा नियम होता. नियम कुणी केला हे विचारायची गरज नाही. ज्यांच्याखाली टेकाड होतं त्यांनीच केला.

सगळ्यांत मोठं टेकाड बोराटीखाली होतं. तिनं ते उभारलं नव्हतं. तिच्या पायाशी कुसळी गवत राहत होतं. वारा वाळू आणून टाकी, गवत गाडलं जाई. मग गाडलेल्या पेरांतून नवी मुळं सोडून ते पुन्हा वर येई आणि वाळू घट्ट धरून ठेवी. वर्षानुवर्षं त्याचं हेच चाललं होतं. बोराटीनं करायचं ते इतकंच, की खालच्या काटेरी फांद्या जमिनीला टेकवून ठेवायच्या, म्हणजे शेळ्यांना गवतात तोंड घालता येत नसे. तेवढंही तिला जड झालं.

"या लोळणाऱ्या फांद्यांनी मी ठेंगणी दिसते," ती रुईला म्हणाली. "वर ओढून घेतल्या तर?"

"दोन बोटं तरी वाढाल, बाईसाहेब."

दोन बोटं! बोराटीला ती रात्रंदिवस दिसू लागली.

गवतानं हे ऐकलं. "बाईसाहेब, शेळ्या आम्हाला मुळासकट खातील," ते म्हणालं. "आम्ही गेलो की ही वाळू जाईल. मग तुम्ही कशावर उभ्या राहणार?"

"पायाशी राहणाऱ्यांनी उंचीच्या गोष्टी करू नयेत," बोराटी म्हणाली आणि तिनं फांद्या वर ओढून घेतल्या.

शेळ्यांनी चार दिवसांत गवत संपवलं. पाठोपाठ वारा सुटला. त्याचा कुणावर राग नव्हता. मोकळं दिसेल ते उचलायची त्याला सवय होती. त्यानं टेकाड मुठीमुठीनं नेलं आणि बोराटी आपल्या लांबच लांब उघड्या मुळांवर, काटक्यांवर ठेवल्यासारखी, अधांतरी राहिली. पानं गळाली. मुळं उन्हात तडकली.

मोजणीच्या दिवशी रुई जरा घुटमळली. "मुळं धरायची का?"

"धरा, धरा! तिचीच आहेत!" सगळी झुडपं ओरडली.

माप गेल्या वर्षीपेक्षा बरोबर दोन बोटं जास्त भरलं. शिवाय गेल्या वर्षी निम्मी उंची वाळूची होती, यंदा सगळी तिची स्वतःची, हेही रुईनं आवर्जून सांगितलं. कौतुकाला नुसता ऊत आला. रुईनं मान घ्यायला बोराटीचं नाव तीनदा पुकारलं. बोराटी काहीच बोलली नाही. थोर झाडं अशा वेळी बोलत नसतात, असं झुडपांनी एकमेकांना समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राज्यातल्या झाडून साऱ्या झुडपांनी खालच्या फांद्या वर ओढून घेतल्या होत्या, आणि पलीकडच्या उतारावरून शेळ्या, कसलीही घाई न करता, खाली उतरत होत्या.