राजाची टाच आणि दोडक्याचा वेल

हळद लावली ना अंगठ्याला? मग रेवू, आता रडं पुरे. सदू, तू जरा सरक तिकडे, तिच्या पायाला धक्का लावू नकोस. हं, ऐका.

एक होता राजा. त्याला काही दुखायचंच नाही. जन्मापासून तसा नव्हता, बरं का. एकदा काय झालं, त्याच्या नाकाला चावली गांधीलमाशी. केवढा गोंधळ घातला त्यानं. त्याच दिवशी दारात एक जोगी आला. राणीनं त्याला पोटभर जेवू घातलं. जोगी खूश झाला, म्हणाला, "राजा, काय हवं ते माग." राणी मागून खुणा करतेय, धान्य मागा, पाणी मागा. आणि हा शहाणा म्हणाला, "मला कध्धी काही दुखू नये." जोगी हसला, तथास्तु म्हणाला आणि गेला निघून.

मग काय विचारता. राजानं चुलीवरचं तापलेलं पातेलं हातानं उचललं. लोक म्हणाले, वाहवा. लढाईत खांद्यात बाण शिरला, हा हसत हसत घरी आला. लोक म्हणाले, वाहवा. मग एक दिवस बागेत अनवाणी फिरताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. तो मात्र कोणाला कळला नाही. राजालासुद्धा नाही.

काटा आत गेला आणि आतल्या आत जागा सडली. पाय सुजून खांबाएवढा झाला, अंगात ताप भरला, राजानं अंथरूण धरलं. विचारलं तर म्हणे, "मला कुठे काय होतंय?" वैद्यबुवांनी पाय चाचपला, पण एवढ्या सुजेत काटा कुठला सापडायला? लेप लावले, काढे दिले, काही लागू पडेना. मग त्यांनी राजकन्येला बाजूला बोलावलं. केतकी तिचं नाव, रेवू, तुझ्याएवढीच होती. वैद्यबुवा म्हणाले, "बाळ, लागलंय कुठे हे तुझ्या बाबांचं अंग सांगतच नाही. अंगालाच कळलं नाही, तर ते मदतीला धावणार कसं? ज्याला तोंड नाही आणि तरी लागलं की सांगतं, असं कोणी शोध. त्याच्याकडून ते सांगणं मागून आण. उशीर केलास तर बाबा हाती लागायचे नाहीत."

केतकी तशीच निघाली. आधी गेली नदीकडे. नदी बोलत होती खळखळा, पण नदीला मुख असतं ना, समुद्राला मिळते तिथे? म्हणजे ती चालायची नाही. मग गेली दगडाकडे. त्याला तोंड नव्हतं. पण टवका उडाला तरी तो आपला ढिम्म. मग दमली पोर. गावाबाहेर एक मळा होता, तिथल्या दोडक्याच्या मांडवाखाली जाऊन बसली. सांज होत आली होती, मांडवाखाली अंधारलं होतं.

तेवढ्यात खाली बुंध्याजवळच्या पानाला एका अळीनं कुर्रकन चावा घेतला. आणि केतकीनं काय बघितलं माहितीये? चावल्या जागी एक उजेड उमटला. हिरवा, काजव्याएवढा. तो पानाच्या शिरेत शिरला, शिरेतून देठात, देठातून वेलात, आणि निघाला वर. आवाज नाही, गडबड नाही. वाटेत पान लागलं की त्या पानात उजेड. पुढचं पान लागलं की त्यात उजेड. सगळा मांडव आतून उजळला. आणि उजेड जाईल तिथलं पान कडूजहर होत गेलं. पार शेंड्यावर दुसरी एक अळी मजेत खात बसली होती. तिनं तोंड वाकडं केलं आणि टपकन खाली पडली.

कोणी ओरडलं नाही. कोणी धावलं नाही. आणि एका पानाला लागलेलं साऱ्या वेलाला कळलं. केतकीच्या अंगावर शहारा आला. मला अजून येतो सांगताना.

मग तिनं हात जोडले. "माझ्या बाबांना एवढं दे." वेलाला तोंड नाही, तो काय बोलणार? पण वेलाला त्या गुंडाळलेल्या बारीक तारा फुटतात बघा, तसली एक तार हलली आणि तिच्या करंगळीला विळखा घालून बसली. ओढली असती तर तुटली असती. केतकीनं ओढली नाही. ती उलट्या पावलांनी, हळूहळू चालायला लागली. ती एक पाऊल टाकी, वेल एक पान टाकी. मळा गेला, वेस गेली, राजवाड्याचा जिना आला. उजाडता उजाडता वेल खिडकीतून आत शिरला आणि राजाच्या सुजलेल्या पायाच्या अंगठ्याला त्यानं विळखा घातला.

आता हवी अळी. एरवी माळी अळ्या वेचून फेकायचे, आणि आज सगळा राजवाडा एका अळीची वाट बघतोय. राजाचा श्वास मंद होत चालला होता. राणी केतकीचा हात सोडत नव्हती. शेवटी आली बाई एक अळी, डुलत डुलत. खिडकीतल्या पानावर चढली आणि कुर्रकन चावली.

हिरवा उजेड निघाला. वेलातून अंगठ्यात, अंगठ्यातून तळव्यात. राजाच्या कातडीखालून तो चालताना सगळ्यांना दिसला. टाचेशी गेला आणि तिथून वळला. पोटरी, मांडी, छाती, पार डोक्यापर्यंत. कोणाची पापणी हलली नाही.

आणि राजा ओरडला, "आई गं!"

मग काय सांगू तुम्हाला. राणी रडायलाच लागली. वैद्यबुवा नाचायला लागले. राजा विव्हळतोय आणि लोक साखर वाटतायत. केतकीनं विचारलं, "बाबा, कुठे दुखतंय?" तो म्हणाला, "टाचेत गं. इथे." त्यानं बोट ठेवलं तिथेच वैद्यबुवांनी चिमटा घातला आणि काटा ओढून काढला. आता अंगालाही कळलं होतं. ते धावून आलं. ताप उतरला, सूज उतरली, राजा चालायला लागला.

वेल राजवाड्यावरच राहिला. इतके दोडके लागले, इतके लागले, की शिरांची चटणी अख्ख्या गावाला पुरली. आज तुम्ही खाल्लीत ना, तीच. पुढे राजा म्हातारा झाला, थंडीत गुडघा दुखला की हसायचा आणि म्हणायचा, "आला बघा निरोप." सगळे सुखानं नांदले.

रेवू, ठणकतंय अजून? ठणकू दे, बाळा. अंगठ्यानं सांगितलंय, अंगाला कळलंय, ते निघालंय तिकडे. तू डोळे मीट, म्हणजे त्याला वाटेत थांबायला नको. सदू तर झोपलासुद्धा.