नरम बोल्ट

गावात ट्रॅक्टर नुकते आले तवाची ही गोष्ट. शिरपतीच्या ट्रॅक्टरमागं कुंपणाचे खड्डे पाडायचं एक भलंमोठं गिरमिट व्हतं. गिरमिटाची गिअरपेटी ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याला एका नरम लोखंडाच्या बोल्टानं जोडलेली व्हती.

एक दिस खड्ड्यात खडक लागला अन् बोल्ट कट्‌कन तुटला. गिरमिट जागच्या जागी थांबलं अन् भडकलं.

"लोखंडाचा हायस का मेणाचा? कालचा बी असाच मोडला!"

"दादा, आमचं कामच मोडायचं हाय," बोल्ट म्हणाला.

"थू! मोडण्याला कुणी काम म्हणतं का?"

शिरपतीचं बी डोकं फिरलं. त्यानं बोल्टाचा तुकडा बांधावर भिरकावला अन् त्या जागी जाडजूड पोलादी बोल्ट ठोकला. गिरमिट खूश झालं. "आता कसा गडी आला!"

पुढच्याच खड्ड्यात पुन्हा खडक. पोलादी बोल्ट काय तुटला नाही. ट्रॅक्टर जोर लावत राहिला, खडक हलंना, अन् पेटीतल्या गिअरचे दाते फाडफाड उडाले. तेल मातीत वाहिलं. पोलादी बोल्ट तसाच चकचकीत.

शिरपतीनं कपाळावर हात मारला, गिरमिट सोडलं अन् बांधावर आडवं टाकलं. शेजारीच तो तुकडा पडला व्हता.

"लई लागलं का रं दादा?" तुकड्यानं इचारलं.

गिरमिटाला एक बी शिवी आठवंना.

"लागलं," ते म्हणालं. "तुटताना तुला बी एवढंच लागलं का रं?"