नवशीची शेवळं

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीतल्या भोकरवाडीत नवशी नावाची एक ठाकरीण राहायची. तिचा एकच लेक, पदू. पदूची बायको झिपरी. तीन माणसं, एक झोपडं, आणि पोटाला सगळं रान.

ही नवशी झाडाकडे मान वर करून कधी बघायचीच नाही. बघायची ती झाडाखाली. भारंगी कुठं फुटली, रानहळदीचं पान कुठं वर आलं, करांद्याचा वेल कुठल्या खोडावर चढला, हे ती चालता चालता सांगायची. तोंडाची मात्र फटकळ. तिच्या शिव्या ऐकून वाघसुद्धा वाट सोडायचा, असं म्हणतात.

मग एका वर्षी दाजीबा ठेकेदार आला. त्याला साग हवा होता. लोक घाबरले, तेव्हा तो हसून म्हणाला, "अगं बायांनो, मी नुसती खोडं नेतोय. तुमच्या भाजीपाल्याच्या पानाला तरी हात लावतोय का?"

लोकांना ते पटलं. पटलं कसं, याचाच मला अजून संताप येतो! बाप्ये कुऱ्हाडी घेऊन मजुरीला गेले. पदूसुद्धा गेला. नवशी दारातून ओरडली, "मेल्या, आईच्या डोक्यावरचं छप्पर काढतोस, आणि वर म्हणतोस आईला हात नाय लावला?"

पदूनं मागं वळून पाहिलं नाही.

ओंडके ओढायला गाडीवाट हवी, म्हणून ओढ्याकाठची आंबट फळांची काकडाची झाडं पहिली पाडली. त्यांचं लाकूड कुणाला नकोच होतं. आड आली म्हणून गेली. मग ओंडके घसरत खाली आले ते मातीतले कंद चिरडत आले. सावली गेली, आणि उन्हानं भुई तव्यावरच्या भाकरीसारखी करपली. पुढं पाऊस पडला, पण भारंगी आली नाही. रानहळद आली नाही. करांद्याला चढायला झाड नव्हतं. अळंबी रुसली ती रुसलीच. आली कोण? घाणेरी! जिला शेळीसुद्धा नाक मुरडते, ती डोंगरभर माजली.

त्या वर्षी वाडीनं उपास काढले. पुढच्या ज्येष्ठात झिपरीचे दिवस भरत आले, आणि चुलीवर नुसतं पाणी उकळत होतं. एकच उतार तोडायचा राहिला होता, बेलदरा. तिथं मिळेल त्या पाल्यावर झिपरी जगत होती. तोही गेला असता तर बाळ-बाळंतीण दोघंही गेली असती.

एका दुपारी दाजीबा मजुरांना घेऊन बेलदऱ्यात आला. वळवाची सर पडून शेवळं वर आली होती, लांब, जांभळट कोंबांची रानभाजी. वाडी ती नुसती बघायची आणि सोडायची. दाजीबाच्या तोंडाला मात्र पाणी सुटलं. तिथं पाला खुडणाऱ्या नवशीला तो म्हणाला,

"म्हातारे, आज शेवळं खाऊ घाल. उद्या सकाळी कुऱ्हाडी लावू."

"घालते की. पण काकडाची फळं आण. त्यांच्या आंबटाशिवाय शेवळं नरडं धरतात."

"ती कुठं मिळतील?"

"तुझ्या गाडीवाटेखाली, मुडद्या!"

माणसं हसली. दाजीबाला ते झोंबलं. "एका फळावाचून माझं अडतंय होय? शिजव तशीच!"

"बघ हां. चार माणसांत सांगतेय."

"शिजव म्हटलं ना!"

तिनं शिजवली. त्यानं सगळ्यांदेखत, मिशीला पीळ देत, वाडगं चाटूनपुसून खाल्लं. सूर्य मावळायच्या आत त्याचा गळा सुजला.

सकाळी तो बेलदऱ्यात उभा राहिला. ठेकेदारानं हाळी दिल्याशिवाय पहिला घाव घालायचा नाही, अशी तेव्हाची रीत. दाजीबानं तोंड उघडलं, आणि आवाजच नाही! त्यानं पुन्हा जोर केला. तेव्हा त्याच्या पायाशी भुई फुटली आणि एक शेवळ वर आलं. मग दुसरं. मग उतारभर जांभळ्या जिभाच जिभा. दाजीबाची गेलेली वाचा रानानं उगवून दाखवली, असं म्हणतात.

दाजीबानं हातानंच पदूला खुणावलं, घाल घाव. पदूनं कुऱ्हाड उचलली. मग जन्मात पहिल्यांदा त्यानं आईसारखं खाली पाहिलं. दोन्ही पावलांमध्ये भारंगीचा कोंब होता. पदूनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि तिथंच मांडी घातली. त्याच्यामागं सगळे बसले.

दाजीबा वाडी सोडून गेला. त्याचा आवाज परत आला नाही. बरं झालं!

अजून भोकरवाडीत झाड तोडायचं तर आधी त्याच्याखाली बसावं लागतं, आणि तिथं उगवणाऱ्या एकेका पाल्याचं नाव मोठ्यानं घ्यावं लागतं. ज्याला नावं येत नाहीत त्याच्या हातातली कुऱ्हाड बाया काढून घेतात. "नवशीला विचारून ये," म्हणतात.

झिपरीला मुलगी झाली, धडधाकट, आजीसारखीच फटकळ. पदूनं गाडीवाटेवर काकडाची झाडं लावली. ती फळाला आली, तेव्हा कुठं वाडीनं पोटभर शेवळं खाल्ली. वर्षाची पहिली शेवळं तेव्हापासून नवशीच्या घरी जातात, काकडं घालून शिजतात, आणि ज्येष्ठात त्या घरची चूल पुन्हा कधी रिकामी पेटली नाही.