शेंदराचे दगड

दोन डोंगरांच्या मध्ये एक खोरे होते. तिथली माणसे राजाच्या जाचाला विटली आणि त्यांतली काही सुभान नाईकाबरोबर रानात गेली. राजाचे शिपाई वर चढू नयेत म्हणून नाईकाने घाटवाटेच्या कडेने सुरुंग पुरले. पाय पडला की फुटणारे. आपल्या गड्यांना जागा कळावी म्हणून प्रत्येक सुरुंगाजवळ एक दगड ठेवला आणि त्याला शेंदूर फासला. देवाचा दगड कोणी हलवणार नाही, असा त्याचा हिशेब.

हिशेब चुकला. शेंदूर दिसला की खोऱ्यातला माणूस वाट सोडून दगडापाशी जातो आणि हात जोडतो. भागू गुरविणीची सून अशीच फूल वाहायला वळली. तिचा पाय गेला.

गावच्या देवांची पूजा भागूच्या घराकडे होती. सुनेला शेजारणीवर सोपवून ती पाण्याचा तांब्या आणि परडी घेऊन नाईकाच्या तळावर गेली.

तिला पाहून गडी हसले. एक म्हणाला, "आजी, नैवेद्य आणलास का? आम्ही पण उपाशीच आहोत."

"आणलाय. पण आधी तुम्ही बसवलेल्या देवांना."

नाईक उठून उभा राहिला. "मावशी, सुनेचं फार वाईट झालं. पण सुरुंग काढले तर उद्या शिपाई वर येतील."

"आजवर किती शिपाई मेले तुझ्या सुरुंगांनी?"

"अजून एकही नाही."

"परमुलखातली माणसं ती. आपल्या रानातल्या दगडापुढं कशाला वाकतील? तिथं थांबतं ते तुझंच माणूस."

"शेंदूर पुसून टाकतो."

"पूस. मग तुझ्या गड्यांनी जागा कशी ओळखायची?"

आता कोणी हसत नव्हते.

भागू म्हणाली, "बसवलेला देव पाण्यावाचून ठेवता येत नाही. ते माझ्या घराचं काम आहे. एक तर मी पूजा करते, नाही तर तू देव उठव."

एवढे बोलून ती घाट उतरू लागली. नाईकाने हाका मारल्या. तिने वळून पाहिले नाही. पहिला दगड दिसू लागला तशी ती वाट सोडून तिकडे वळली. नाईक धावत आला आणि तिच्या आडवा उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"काढतो," तो म्हणाला. "तू तिथंच थांब."

भागूने परडीतल्या अक्षता लांबूनच दगडावर टाकल्या. "उठला देव. आता काढ."

असे एकेक दगड करत ते खाली आले. नाईक स्वतः माती उकरत होता. खालच्या उतारावर मात्र तो थांबला. पावसाने तिथला शेंदूर धुऊन गेला होता. सगळे दगड सारखे दिसत होते. तिथे सुरुंग पुरणारा गडी चकमकीत मेला होता.

"इथं एक आहे," नाईक म्हणाला. "कुठं, ते आता कोणालाच ठाऊक नाही."

पुढे राजाशी तह झाला. गडी घरी गेले. नाईक गेला नाही. तो त्या उताराच्या तोंडाशी बसून राही. शेळी दिसली की उठे, माणूस दिसले की ओरडून त्याला मागे फिरवी. नुसता पाचोळा वाजला तरी दचके. लोक लांबूनच विचारत, "नाईक, घरी कधी येणार?"

तो म्हणे, "आधी तो सापडू दे." आणि पुन्हा उतारावर नजर फिरवू लागे.

तात्पर्य एवढेच: जे हत्यार आपला आणि परका ओळखत नाही, ते आपल्या बाजूचे नसते. ज्याने ते पुरले त्यानेच ते काढावे, आणि जागा आठवते आहे तोवर काढावे.