चिंगी चिचुंद्री आणि तीन गर्विष्ठ ड्रोन

ओढ्याकाठी राहायची एक चिचुंद्री. तिचं नाव चिंगी.

एकदा ओढ्याला पाणी आलं, खळखळ खळखळ. ओढ्यावरची फळी गेली वाहून. चिंगी राहिली अलीकडे, पिल्लू राहिलं पलीकडे. पिल्लू रडतंय चीं चीं, चीं चीं.

काठावर होती नवी फळी. फळीला बांधला होता लांब दोर. दोराला तीन फाटे. तीन फाट्यांना तीन ड्रोन.

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

“लाल ड्रोन, लाल ड्रोन, फळी उचल. फळी हलेना, पिल्लू भेटेना.”

“शी. एवढीशी तू, आणि मला काम सांगतेस? निळा उचलेल तर मी उचलेन.”

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

“निळ्या ड्रोन, निळ्या ड्रोन, फळी उचल. लाल उचलेना, फळी हलेना, पिल्लू भेटेना.”

“शी. वास येतो तुझा. पिवळा उचलेल तर मी उचलेन.”

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

“पिवळ्या ड्रोन, पिवळ्या ड्रोन, फळी उचल. निळा उचलेना, लाल उचलेना, फळी हलेना, पिल्लू भेटेना.”

“शी. किती किरकिर करतेस. दोर ताठ होईल तर मी उचलेन.”

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

“दोरा, दोरा, ताठ हो. पिवळा उचलेना, निळा उचलेना, लाल उचलेना, फळी हलेना, पिल्लू भेटेना.”

“शी. तुला काय कळतं? वारा मला हलवतोय. वारा थांबेल तर मी ताठ होईन.”

चिंगी गेली तुरुतुरु तुरुतुरु.

“वाऱ्या, वाऱ्या, थांब. दोर ताठ होईना, पिवळा उचलेना, निळा उचलेना, लाल उचलेना, फळी हलेना, पिल्लू भेटेना.”

“मी थांबू? तुझ्यासाठी? फूऽऽऽ.”

चिंगी उडाली. धप्पकन बाभळीखाली पडली.

वर बघते तर काय, वाऱ्याची शेपटी काट्यात अडकलेली, म्हणून तो फडफडतोय.

“एवढा मोठा तू,” चिंगी म्हणाली, “आणि एवढ्याशा काट्यानं धरलंय तुला?”

वाऱ्यानं शेपटी ओढली. सुटेना.

चिंगी झाडावर चढली. काटा कुरतडला, कुटु कुटु कुटु. शेपटी सुटली, सुर्रर्र.

मग वारा थांबला. दोर ताठ झाला. पिवळा उचलू लागला. निळा उचलू लागला. लाल उचलू लागला. घूं घूं घूं.

फळी हलली. फळी वर गेली. झुलली, डुलली, हळूहळू खाली आली. टप्. ओढ्यावर बसली.

“मी उचलली,” लाल म्हणाला.

“हट्, मी उचलली,” निळा म्हणाला.

“तुम्ही दोघं नुसते लोंबकळत होतात,” पिवळा म्हणाला.

चिंगीनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. ती फळीवरून पलीकडे पळाली. पिल्लानं आईची शेपटी तोंडात घट्ट धरली. पुढे आई, मागे पिल्लू, दोघं घरी गेली.

तुरुतुरु तुरुतुरु.