गोष्ट चुकवणारा पाद्री

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या मेंढ्यांच्या लोकरीचे मोजे आता कुणाच्याच पायात उरलेले नाहीत. समुद्रापलीकडे डेन्मार्क नावाचा देश आहे, तिथे राव्नडाल नावाचं एक गाव होतं. गावाच्या एका अंगाला जांभळ्या झुडपांचं माळरान आणि दुसऱ्या अंगाला दलदल. दलदलीतली काळी माती कापायची, वाळवायची आणि चुलीत घालायची, असं तिथलं सरपण. धुकं उतरलं की मात्र तिकडे कुणी फिरकत नसे. आपल्याकडे रानात चकवा लागतो ना, तसा तिथे दलदलीत लागायचा. धुक्यात तो माणसाला नावाने हाक मारी, आणि तीही ओळखीच्या आवाजात. ओ दिली की माणूस गेलाच. म्हणून तिथल्या आया पोरांना चालता येण्याआधीच शिकवत, की धुक्यात हाकेला ओ द्यायची नाही.

या गावात एस्बेन नावाचा तरुण पाद्री आला. त्याला गोष्टींचं भारी वेड. टेकडीखाली राहणाऱ्या माणसांच्या, बोलणाऱ्या घोड्यांच्या, दलदलीतल्या बायांच्या, मिळेल ती गोष्ट ऐकायची आणि उतरवून ठेवायची. आल्या आल्या तो कागद आणि दौत घेऊन क्रेस्टेन नावाच्या शेतकऱ्याच्या घरी गेला. संध्याकाळी तिथे शेजारीपाजारी जमून मोजे विणत बसायचे. बायाच नव्हे, चांगले दाढीमिशांचे बाप्येसुद्धा. पाद्री दारात दिसला आणि सगळी बडबड बंद.

"सांगा की एखादी गोष्ट," पाद्री म्हणाला.

"पाद्रीबाबा, रिकाम्या हातांना आमच्यात गोष्ट मिळत नाही," क्रेस्टेन म्हणाला. "त्या सुया घ्या, बसा, मग बघू."

आता सुया धरल्यावर लेखणी कुठल्या हाताने धरणार? पाद्र्याने युक्ती काढली. प्रत्येक गोष्टीला वेगळ्या रंगाची लोकर घ्यायची. पांढऱ्या मेंढीची एक गोष्ट, काळ्या मेंढीची दुसरी, माळावरची झुडपं उकळून पिवळ्या रंगवलेल्या लोकरीची तिसरी. घरी जाऊन रंग पाहिला की गोष्ट आठवे. पण मोज्याची टाच काही त्याला वळवता येईना. मग बिचारा सरळच विणत राहिला. मोजा नाही, गळपट्टा नाही, नुसती पट्टी, आणि ती वाढतच चालली.

"पाद्रीबाबा, हा मोजा कुणासाठी? समुद्रातल्या सापासाठी का?" बाया विचारायच्या.

पाद्री हसायचा आणि पुढचा टाका घ्यायचा. म्हणतात की काही वर्षांनी ती पट्टी चर्चच्या मनोऱ्याला वेढे देत वर चढवली, तरी टोक अंगणात उरलं होतं.

पण गावातली सगळ्यात चांगली गोष्ट त्या पट्टीत नव्हती. ती होती तांब्याच्या हंड्याची, आणि ती सांगावी आबेलोन म्हातारीनेच. आधीच्या पाद्र्याने भर चर्चमध्ये तिला उभं करून, सैतानाच्या गोष्टी सांगतेस म्हणून नको नको ते सुनावलं होतं. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं ते मिटलंच. विणायला येणं सोडलं, हसणं सोडलं, दलदलीच्या काठावरच्या झोपडीत ती एकटी राहू लागली. इतरांना हंड्याची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी आठवायची, जोडून कुणालाच सांगता येत नसे. म्हातारीबरोबर ती गोष्टही जाणार, हे गावाला कळत होतं. एस्बेनला तर त्या विचाराने झोप लागत नसे. दर रविवारी तो तिच्या दाराशी जाई.

"पाद्र्यानेच हे तोंड बंद केलंय," ती आतून म्हणे. "आता उघडायला कशाला आलात?"

पाद्री मान खाली घालून परते आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर होई. आपण गोष्टीसाठी जातो की त्या एकट्या बाईसाठी, हे पुढे पुढे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

एका दुपारी आबेलोन सरपण आणायला दलदलीत गेली आणि पाठोपाठ धुकं उतरलं. असं धुकं, की स्वतःचा हात दिसेना. सगळा गाव काठावर धावला. "आबेलोन! ए आबेलोन!" लोक ओरडत होते. आतून उत्तर नाही. येणार कुठून? कमरेपर्यंत चिखलात रुतलेली म्हातारी सगळ्या हाका ऐकत होती आणि ओठ घट्ट मिटून होती. आईने शिकवलेलं ती विसरली नव्हती. हाक जितकी ओळखीची, तितकी ती जास्त घाबरायची.

एस्बेन धापा टाकत पट्टी घेऊन आला. एक टोक त्याने कमरेला बांधलं, दुसरं गावाच्या हातात दिलं.

"हाका थांबवा," तो म्हणाला. "हाक तर चकवाही मारतो. मी तिला तिची गोष्ट सांगत जातो."

"पण तुम्हाला ती येते कुठे?" क्रेस्टेन म्हणाला.

"येते तेवढी सांगतो."

आणि तो धुक्यात शिरला. "एका घरी लग्न होतं," तो मोठ्याने सांगू लागला. "लापशी शिजवायला मोठं भांडं नव्हतं. घरधनीण दलदलीशी गेली आणि चिखलाखाली राहणाऱ्या बाईकडे तिने हंडा मागितला. बाईने तांब्याचा हंडा वर ढकलला." पाणी गुडघ्यांना लागलं. पट्टी संपत आली, पण लोकरच ती, गोष्ट सांगताना लांबते तशी ताणून लांबत गेली, असं म्हणतात. "लग्न झालं. मग घरधनिणीने हंडा राखेने लख्ख घासला आणि..."

"घासला नाही हो!" धुक्यातून आवाज फुटला. "कुणी सांगितलं तुम्हाला? तळाशी पळीभर लापशी ठेवली होती तिने! खालच्या पोरांसाठी!"

पाद्र्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण गडी हुशार. "बरं, लापशी ठेवली," तो म्हणाला, "आणि हंडा दगडासारखा बुडाला."

"तरंगला! तरंगत गेला!"

"मग खालची बाई फार रागावली."

"अहो, हसली! पाद्रीबाबा, एक तरी गोष्ट धड सांगता येते का तुम्हाला?"

प्रत्येक चुकीला म्हातारीचा आवाज चढत होता आणि पाद्री एकेक पाऊल त्या आवाजाकडे जात होता. शेवटी तिनेच त्याची कॉलर धरली. त्याने पट्टीला हिसका दिला, काठावरून सगळ्या गावाने ओढलं, आणि दोघं चिखलाने माखलेले बाहेर आले. पट्टीचा एकही टाका तुटला नाही म्हणतात.

चुलीपाशी त्याच पट्टीत गुंडाळून तिला बसवलं.

"आजी, हाकेला ओ दिली नाहीत," एस्बेनने विचारलं, "मग माझ्यावर भरवसा कसा ठेवलात? गोष्ट तर चकवाही सांगेल."

"दलदलीतल्यांना त्यांचीच गोष्ट चुकेल होय?" म्हातारी म्हणाली. "इतकी चुकवतोय म्हणजे नक्कीच माणूस. तेव्हाच ओळखलं." मग तिने सुया मागून घेतल्या. "बसा. आता नीट ऐका."

ती सांगत राहिली आणि सगळा गाव रडत-हसत ऐकत राहिला. एस्बेनने त्या गोष्टीसाठी तांबूस लोकर घेतली. पुढे तो म्हातारा होईपर्यंत त्याच गावात राहिला, पण टाच वळवायला शेवटपर्यंत शिकला नाही.

अजूनही त्या गावात वर्षातलं पहिलं धुकं उतरलं की लोक पट्टी धरून काठावर उभे राहतात. गावात जो सगळ्यात नवा, मग ती नवी सून असो की नवा मास्तर, त्याने हंड्याची गोष्ट सांगायची आणि ती चुकवायचीच. बाकीचे ओरडून दुरुस्त करतात. मग लापशी वाढतात आणि पळीभर तळाशी ठेवतात.

आणि कुणी खरंच धुक्यात हरवलं, तर आजही तिथे नावाने हाक मारत नाहीत. काठावर उभं राहून एस्बेनसारखी गोष्ट सांगतात, जमेल तितकी चुकीची. आतून कुणीतरी चिडून ओरडतंच, असं म्हणतात.